सोळा शुक्रवार ससाणेरावांचे

माझ्या आईला अमेरिका पहिल्यांदा नीट दिसली ती पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, आणि तिथल्या एकाही पुरुषाच्या अंगात शर्ट नव्हता. ही पुस्तकं शेजारच्या डोरोथीची. डोरोथी सत्तरीची, विधवा, गुडघ्यांनी बेजार, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पश्चिमेकडच्या माळरानावरल्या प्रेमकथांवर जगणारी. बॉस्टनकडची कुणी नाजूक मुलगी बैलांच्या वॅगनमधून पश्चिमेला निघते, वाटेत तिला तिथल्या जमातीतला कुणी उमदा तरुण भेटतो, दोन्हीकडची माणसं दात-ओठ खातात आणि चारशे पानांनंतर दोघांचं जमतं, असा एकूण मामला. 'तुझं इंग्लिश सुधारेल,' म्हणून तिनं किराण्याच्या कागदी पिशव्यांतून वीस-पंचवीस पुस्तकं आईला आणून दिली. आईनं वरचं एक पाहिलं, पदर सावरला, आणि त्याच पिशव्या कापून प्रत्येक पुस्तकाला तपकिरी कव्हर घातलं. मिरजेला जून महिन्यात माझ्या वह्या-पुस्तकांना घालायची तसंच, कोपरे दुमडून. वर लेबल चिकटवून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'भूगोल, भाग पहिला'. असे भूगोलाचे तेवीस भाग आमच्या फॅमिली रूममध्ये ओळीनं उभे होते, आणि बाबांना बायकोच्या अभ्यासू वृत्तीचं मोठं कौतुक वाटायचं. आईची तक्रार एकच, आणि तीही फक्त माझ्याकडे. "एवढ्या थंडीत शर्ट नाही मेल्यांच्या अंगात. छातीत सर्दी भरेल," असं म्हणायची आणि पुढचं पान उलटायची.

त्या काळी नेपरव्हिलमध्ये मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाबा सकाळच्या गाडीनं शिकागोला गेले की घरात आई, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा पिवळा फोन आणि फ्रिजची घरघर एवढंच उरायचं. मी वीस वर्षांची होते, घरी राहूनच कॉलेजला जात होते आणि शुक्रवारी दुपारी मोकळी असायचे. श्रावणात मिरजेहून आत्या पोस्टानं जिवतीचा कागद पाठवायची. देव्हाऱ्यात जागा नाही म्हणून आई तो फ्रिजच्या दारावर चुंबकांनी लावायची. दुधासाठी दार उघडलं की देवी आपल्या पोराबाळांसकट भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. शुक्रवारी तिची पूजा आणि कहाणी, त्यासाठी तीन काकू जमायच्या. लिमयेकाकू वयानं मोठ्या, म्हणून शास्त्र त्यांच्याकडे. घाटगेकाकू कोल्हापूरच्या, स्वतः गाडी चालवणाऱ्या, म्हणून बाकीच्या दोघींना आणणं-सोडणं त्यांच्याकडे. सबनीसकाकू म्हणजे माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी मुलगी, पण लग्न झालेलं असल्यामुळे काकू. तिच्या नवऱ्याचं ग्रीन कार्ड तीन वर्षं लटकलं होतं, म्हणून देवाचं सगळं मनापासून करणं तिच्याकडे. कहाणी ऐकताना प्रत्येकीच्या उजव्या मुठीत अक्षता हव्यात, आणि कहाणी संपेपर्यंत जागेवरून उठायचं नाही की त्या देवीला वाहिल्याशिवाय मूठ उघडायची नाही, हा लिमयेकाकूंच्या माहेरचा नियम आमच्याकडे कायदा होऊन बसला होता. त्यामुळे मधेच दारावरची बेल वाजली की धावणं माझ्याकडे.

त्या वर्षी बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि कहाण्यांच्या पोथीचा लगदा झाला. पहिल्या शुक्रवारी आईनं आठवणीतली एक कहाणी सांगून वेळ मारून नेली. दुसऱ्या शुक्रवारी काकू अक्षता मुठीत घेऊन बसल्या, आईनं "आटपाट नगर होतं" म्हटलं, आणि पुढचं काही केल्या आठवेना. तिनं छताकडे पाहिलं, देवीकडे पाहिलं. आदल्याच दिवशी तिनं भूगोलाचा सातवा भाग संपवला होता. "आटपाट नगर होतं," ती पुन्हा म्हणाली, "त्याचं नाव बॉस्टन. तिथं एक पाद्री राहत होता. त्याची बायको देवाघरी गेली होती. त्याला एक मुलगी होती. तिचं नाव क्लारा. पाद्र्याच्या मनात आलं, पश्चिमेला जावं, धर्म वाढवावा. मग त्यानं काय केलं? वॅगन घेतली, बैल जुंपले, लेकीला घेतलं, आणि निघाला." कहाणीची चाल आईच्या जिभेवर इतकी बसलेली की काकूंना काही वेगळं वाटलंच नाही. तासाभरानं क्लाराला रानात ताप भरला होता आणि घोड्यावरून एक तरुण झाडपाल्याचं औषध घेऊन येत होता. तिथं आईनं थांबून "उरलेली पुढच्या शुक्रवारी" म्हटलं. सबनीसकाकूनं डोळे पुसले. लिमयेकाकू म्हणाल्या, "ही आमच्याकडे नव्हती हो. देशावरची दिसते."

त्या तरुणाचं नाव पुस्तकात 'करडा ससाणा' अशा अर्थाचं होतं. आईला ते एकेरी बरं वाटेना, म्हणून तिनं त्याला ससाणेराव केलं. तिसऱ्या शुक्रवारी लिमयेकाकूंनी विचारलं, "ससाणे म्हणजे नेमके कुठले?" या प्रश्नाचा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. मुंबईच्या विमानतळावर आमचं लोणचं अडवलं, हा प्रश्न कुणी अडवला नव्हता. "डोंगरातले," आई म्हणाली. "पण घराणं मोठं. वडील मुखिया." तेवढ्यावर लिमयेकाकूंचं समाधान झालं. आठवड्याच्या मधेही फोन यायचे. ससाणेरावांच्या औषधानं क्लाराचा ताप उतरला का, तिच्या वडलांना कळलं का, पलीकडच्या छावणीतला तो मेला कप्तान अजून तिच्या मागे आहे का. बाबांनी हे फोन इतके ऐकले की एक दिवस जेवताना म्हणाले, "हे ससाणे नवीन आलेत का? कुठल्या कंपनीत आहेत? बोलव एकदा जेवायला." मला ठसका लागला. आई म्हणाली, "ते सारखे फिरतीवर असतात."

पुस्तकात दर तीस पानांनी जे व्हायचं ते आई कहाणीत कसं सांगणार? ती म्हणायची, "मग त्या दोघांनी एकमेकांची विचारपूस केली." पहिल्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. पाचव्या शुक्रवारी नदीकाठी चांदण्यात विचारपूस झाली, तेव्हा घाटगेकाकू हसू दाबता दाबता लाल झाल्या. आठव्या शुक्रवारपर्यंत "यंदा विचारपूस कमी आहे हो" अशी तक्रार यायला लागली, आणि आईला दुसऱ्या भागांतून थोडी उसनी आणावी लागली. आता माझं वय झालंय, थोडं वाचनही झालंय. त्या पुस्तकांतली जमात कुठल्याच खऱ्या जमातीसारखी नव्हती. ज्यांची जमीन गेली, माणसं गेली, त्यांना न विचारता कुणीतरी घरबसल्या रचलेला तो मसाला होता, आणि आम्ही त्यात आमचा घातला. आम्ही त्याच जमिनीवर तीन बेडरूमचं घर घेऊन बसलो आहोत, हे एकाही शुक्रवारी कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि याची मला आज लाज वाटते.

चौथ्या शुक्रवारनंतर सबनीसांचं ग्रीन कार्ड आलं. झालं! श्रावण संपला तरी कहाणी संपेना, तेव्हा लिमयेकाकूंनी झालेले शुक्रवार धरून सोळा शुक्रवारांचं व्रत जाहीर केलं. आंबट वर्ज्य, म्हणून शुक्रवारी केचप बंद, आणि त्यांच्या नातवंडांना कोरडे फ्रेंच फ्राइज गिळावे लागले. क्लारा वॅगनमध्ये मक्याची भाकरी खायची, म्हणून नैवेद्याला मक्याच्या पिठाचा शिरा. उपासाला मका चालतो का यावर दोन शुक्रवार वाद झाला. शेवटी, इथला मका डब्यातून येतो आणि डब्यातलं फळांत धरायला हरकत नाही, असा निर्णय लिमयेकाकूंनी दिला. शिरा फार चांगला व्हायचा, हे कबूल करायला हवं. तूप सढळ, वेलदोडा, आणि खाली किंचित लागलेली खरपूड. ती खरवडून खाण्यावरून मोठमोठ्या बायका भांडायच्या.

या सगळ्यात माझं काय चाललं होतं? कॉलेजात मातीच्या परीक्षेची लॅब होती, तिथं माझ्या टेबलावर कार्ल होता. नेब्रास्काचा, शेतकऱ्याचा मुलगा, बोलायला इतका सावकाश की वाक्य संपेपर्यंत आपण एक परीक्षानळी धुऊन घ्यावी. त्याच्या खापरपणजोबांनी खरोखरीच वॅगन हाकली होती. आईच्या पुस्तकांतल्या नायकांशी त्याचं काडीचंही साम्य नव्हतं. तो बारा महिने एकावर एक दोन शर्ट घालायचा, आणि वरचा चौकड्यांचा. माझ्या डब्यातलं लिंबाचं लोणचं त्यानं जॅम समजून पावाला फासलं आणि डोळ्यांतून पाणी येत असताना शेवटच्या घासापर्यंत संपवलं, तेव्हाच माझा निकाल लागला होता. शुक्रवारी लोणचं का नसतं म्हणून त्यानं विचारलं आणि मी त्याला व्रताची सगळी हकिगत सांगितली. तो हसला नाही. "शेवटी काय होतं?" म्हणाला. "लग्न," मी म्हटलं. मे महिन्यात त्याचं शिक्षण संपणार होतं, तो घरच्या शेतीवर परत जाणार होता, आणि मला त्याच्याबरोबर जायचं होतं. त्याला लगेच घरी येऊन आईबाबांशी बोलायचं होतं. मीच त्याला थोपवलं होतं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मग तुझ्या आईच्या गोष्टीत लग्न होईपर्यंत थांबू."

हिशेब सोपा होता. आईनं सोळाव्या शुक्रवारी क्लारा आणि ससाणेरावांचं लग्न लावायचं, काकूंनी अक्षता वाहायच्या, आणि तो ओलावा आहे तोवर मी माझं सांगायचं. पण पंधराव्या शुक्रवारी पाद्री क्लाराला ओढून परतीच्या वॅगनमध्ये बसवतो, तिथं आई स्वतःच इतकी रडली की मला धीर धरवेना. बुधवारी ती पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, "आई, मला एक मुलगा आवडतो. कार्ल नाव. नेब्रास्काचा आहे. आम्हाला लग्न करायचंय."

लाटणं थांबलं.

"विचारपूस झाली?" आईनं विचारलं.

"थोडी."

"थोडी म्हणजे कितव्या भागातली?"

"पहिल्या," मी म्हटलं, आणि ते जवळजवळ खरं होतं.

तिनं पोळी तव्यावर टाकली आणि तशीच राहू दिली. करपल्याचा वास आला तरी तिनं ती उलटली नाही. "तुला ठाऊक आहे ना," ती म्हणाली, "माझी आई गेल्याची तार मला चौथ्या दिवशी मिळाली. आपलं घर सोडून लांब जाणं गोष्टीत चांगलं असतं." मग तिनं गॅस बंद केला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबांनाही सांगितलं नाही. घरात एवढी शांतता मी त्यापूर्वी ऐकली नव्हती, आणि मला खरंच भीती वाटली की आता माझ्या वाट्याला एकच कुणीतरी येणार, आई किंवा कार्ल.

सोळाव्या शुक्रवारी बाहेर बर्फ पडत होतं. काकूंचे बूट दारात ओळीनं, कोट खुर्च्यांवर, ओट्यावर उद्यापनाचा शिरा. मुठी मिटल्या. आई बसली आणि माझ्याकडे न पाहता तिनं सुरुवात केली. "क्लारा वॅगनमध्ये बसली. वाटेत तिनं विचार केला. म्हणाली, आपलं चुकलं. मग काय केलं? बॉस्टनला परत गेली. बँकेतल्या एका सज्जन कारकुनाशी लग्न केलं. आईबापाचं नाव राखलं. ससाणेराव डोंगरात निघून गेले."

"थांबा!" घाटगेकाकू ओरडल्या. "हे काय भलतंच? कारकून कुठनं आला?"

"असंच आहे."

"असं नसतं," लिमयेकाकू म्हणाल्या. "कहाणी सुफळ व्हावी लागते. एवढे शुक्रवार केचप सोडलंय आम्ही."

"आणि आमचं ग्रीन कार्ड?" सबनीसकाकू रडकुंडीला आली. "परत घेतलं तर हो? प्लीज, काकू, लग्न करा ना त्यांचं!"

"लग्न करा काय!" आईचा आवाज चढला. "त्या रानात तिचं कोण आहे? हळदीकुंकवाला कुणाला बोलावेल? ताप आला तर कुणाला हाक मारेल? आणि तिच्या मागं इथं जी माणसं राहतील, त्यांनी काय करायचं?" आता ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"अहो, मनं जुळलीत त्यांची," घाटगेकाकू म्हणाल्या. "जात काय, धर्म काय, मनापुढं सगळं खोटं. आपण अमेरिकेत राहतो, एवढं मोठं मन नको?"

मी मूर्ख. मला ते खरं वाटलं. मी दारात उभी होते, पुढे झाले आणि म्हणाले, "मलाही असंच करायचंय, काकू. कार्ल म्हणून आहे, माझ्या कॉलेजात. आईला सांगितलंय. तुम्ही सगळ्या सांगा ना तिला."

फ्रिजची घरघर थांबली आणि ते सुद्धा ऐकू आलं. मग लिमयेकाकू आईकडे वळून म्हणाल्या, "अरेरे! तरी मी म्हणत होते, एवढं मोकळं सोडू नये. अजून वेळ गेलेली नाही. सहा महिने इंडियाला पाठवा, माझा भाचा आहे पुण्यात."

"पण काकू, क्लारा..." मी म्हटलं.

"अगं बाई, ती गोष्ट आहे," घाटगेकाकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माझ्याविषयी खरीखुरी कीव होती. "गोष्टीत चालतं ते. संस्कार कुठं कमी पडले म्हणायचे हो तुमचे?" हे शेवटचं आईला होतं. "चला, निघू या. यांना जरा घरच्या घरी बोलू दे."

तिघी उठल्या आणि कोट घालायला लागल्या. मूठ मिटलेली असली की कोटाची बाही चढत नाही. सबनीसकाकू एक हात आत, एक बाहेर अशी जागच्या जागी गोल फिरत होती.

"बसा," आई म्हणाली.

"अहो, पण..."

"हातात अक्षता आहेत. कहाणी संपलेली नाही. नियम तुमचाच आहे, लिमयेकाकू. बसा सगळ्या."

त्या बसल्या. आईचा चेहरा मला ओळखू येईना. माझ्यावरचा राग तिच्या तोंडावर तसाच होता, पण आता तो सगळा त्या तिघींकडे वळला होता. तिला स्वतःच्या लेकीला काय हवं ते बोलता येत होतं, दुसऱ्यांनी बोललेलं मात्र सहन होत नव्हतं.

"क्लाराला आई होती," ती म्हणाली.

"आई सुरुवातीलाच वारली ना?" सबनीसकाकू पुटपुटली.

"वारली नव्हती. माझं सांगायचं चुकलं. आई होती. ती वॅगनमध्ये मागं बसली होती, इतके दिवस तिला कुणी विचारलं नाही. तिला राग आला होता. तिला रडू येत होतं. मनात म्हणत होती, एकच पोर, आणि तीही लांब जाणार. तेवढ्यात वॅगनमधल्या शेजारणी म्हणाल्या, बाई, तुझे संस्कार कमी पडले. आईनं ते ऐकलं. मग तिनं काय केलं? खाली उतरली. बैलांची तोंडं फिरवली. शेजारणींना म्हणाली, तुम्हाला यायचं तर या, नाहीतर चालत जा बॉस्टनला. लेकीला घेऊन ससाणेरावांच्या दारी गेली. त्यांना म्हणाली, मला तुम्ही पसंत नाही. पण माझी लेक वेडी नाही, तेव्हा तुमच्यात काहीतरी असेल, ते मला दिसेपर्यंत मी येत राहीन. मग लग्न झालं. सोळा शुक्रवारांची कहाणी, एका शुक्रवारी सुफळ संपूर्ण."

एकेक करून तिघी उठल्या आणि फ्रिजपाशी जाऊन देवीला अक्षता वाहून आल्या. नियम म्हणजे नियम. शिऱ्याला मात्र कुणी नाही म्हटलं नाही, आणि लिमयेकाकूंनी उरलेला दह्याच्या रिकाम्या डब्यात भरून नेला. निघताना घाटगेकाकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि गाडी गरम करायला गेल्या.

आईनं आपल्या अक्षता वाहिल्याच नव्हत्या. सगळ्यांना निरोप देईपर्यंत, डाव्या हातानं भांडी उचलेपर्यंत तिची उजवी मूठ मिटलेलीच होती. दार लागल्यावर ती ओट्यापाशी आली आणि तिनं मूठ उघडली. तांदूळ घामानं तळहाताला चिकटले होते, कुंकू रेषांत उतरलं होतं. तिनं ते एकेक करून माझ्या डोक्यावर टाकले, जरा जोरातच. मी रडायला लागले. तीही रडत होती, पण तिनं भिंतीवरचा फोन काढून माझ्या हातात दिला.

"रविवारी जेवायला ये म्हणावं त्याला," ती म्हणाली. "बाबांशी मी बोलते. आणि हे बघ, नीट सांग. येताना शर्ट घालून ये म्हणावं."